ऑपरेशन फुकट झालं, माणूस पगारापायी गेला

माझ्या मामाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचं बिल शून्य रुपये आलं होतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण इन्शुरन्स नसलेल्या माणसाच्या आजारपणाचा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, पंधरा लाखांचं बिल, काउंटरपाशी रडणारी बायको आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं मदतीचं आवाहन. ते चित्र खोटं नाही, मी स्वतः असे मेसेज पुढे पाठवलेत, दोनदा पैसेही भरलेत. पण आमच्या घरात तसं झालं नाही. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, नीट झालं, तिशीतली एक सर्जन मुलगी आठ तास उभी होती, तिचे उपकार आम्ही विसरणार नाही. आणि तरीही सव्वा वर्षात मामा गेला, आणि तो पैशापायी गेला असं माझं ठाम मत आहे. हे कसं, तेच सांगायचंय.

मामा सिक्युरिटी गार्ड होता. लोअर परळला एका काचेच्या टॉवरच्या गेटवर, कॉन्ट्रॅक्टरमार्फत, बारा तासांची ड्युटी, राहायला दिव्याला. तंबाखू खायचा, हो. चुना लावून मळलेली, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून सुरू झालेली आणि मग न सुटलेली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे पण साध्या तंबाखूची पुडी कुठल्याही टपरीवर मिळते, आणि बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला ती कोण आणि का देतो यावर मला आज बोलायचं नाही. "खाल्ली ना तंबाखू, मग भोगा" असं म्हणणारे आमच्या नात्यातही होते. त्यातले दोघे स्वतः डायबेटिसच्या गोळ्या घेऊन जेवणानंतर श्रीखंड खातात, त्यांना कोणी विचारत नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत गालाच्या आत जखम दिसली. त्याने आधी मेडिकलवाल्याकडून जेल आणलं. मग गल्लीतल्या डेंटिस्टकडे गेला, त्याने दाढ काढली. मग तोंड पूर्ण उघडेना, भाकरीचा तुकडा आत जाईना, तेव्हा मामीने मला फोन केला. तोपर्यंत मे उजाडला होता. तीन महिने हा माणूस दुखणं अंगावर काढत ड्युटीवर जात होता कारण सुट्टी म्हणजे त्या दिवसाचा पगार कट, आणि केईएम किंवा सायनच्या ओपीडीत नंबर लावायचा तर सकाळी सहाला जाऊन दुपारी दोनला मोकळं व्हायचं, तेही एका फेरीत नाही, आज केसपेपर, उद्या रक्ताचे रिपोर्ट, परवा सीटीची तारीख. लोक म्हणतात गरीब माणूस उशिरा येतो, अडाणी असतो. अडाणी वगैरे काही नाही, प्रत्येक फेरीला त्याचे सात-साडेसातशे रुपये बुडतात आणि हा हिशोब त्याला डॉक्टरपेक्षा चांगला येतो.

घाबरून आम्ही त्याला आधी एका प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं. नाव लिहीत नाही, उपनगरातलं आहे, असं हॉस्पिटल तुमच्याही स्टेशनजवळ असेल. अ‍ॅडमिट करायच्या आधी डिपॉझिट, मग बायोप्सी, सीटी, पेट स्कॅन, चार दिवस बेड. सगळ्या घराने मिळून जमवलेले दीड लाख, त्यात माझे चाळीस हजार, मामीच्या बांगड्या, मामाने भिशीतून उचललेले पैसे, हे सगळं नुसतं 'काय झालंय' हे कळण्यातच संपलं. पाचव्या दिवशी ऑपरेशनचं एस्टिमेट हातात आलं, साडेचार लाख, आणि ते देणारा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, मॅडम, मेडिक्लेम नाहीये का काहीच?

नव्हता. म्हणजे होता कधीतरी. ही गोष्ट मला नंतर कळली आणि अजून पचत नाही.

२०१९ च्या दिवाळीपर्यंत मामाला ईएसआयसी होतं, आपण ज्याला कामगार विमा म्हणतो ते. पगार २०,६००. त्यातून महिन्याला दीडशेच्या आसपास रुपये कापले जायचे, कारण २०१९ च्या जुलैपासून कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. त्या दिवाळीला पगार वाढून २१,८०० झाला. मामाने पेढे आणले होते, मला आठवतंय, मलाही दिले. पण ईएसआयसीची पगाराची मर्यादा आहे २१,००० रुपये, २०१७ च्या जानेवारीत ती १५,००० वरून तिथे आणली. पगार त्याच्यावर गेला की चालू सहामाही संपेपर्यंत विमा राहतो, नंतर पुढे काही महिने फायदे मिळतात, मग कार्ड बंद. बाराशे रुपयांच्या वाढीने त्याचं विम्याचं छत्र गेलं आणि कोणी त्याला सांगितलंसुद्धा नाही, त्याला वाटलं बरं झालं, कापणं थांबलं, हातात थोडे जास्त येतायत.

मुंबईत महिन्याला २१,८०० रुपये कमावणारा माणूस स्वतःच्या पैशाने कॅन्सरचे उपचार घेऊ शकतो, असं कोणीतरी कुठेतरी गृहीत धरलंय. दिव्याला एका खोलीचं भाडं काय आहे ते त्याने येऊन बघावं.

आता आजोबांचं, म्हणजे मामाच्या वडिलांचं, सांगते, विषयांतर वाटेल पण नाहीये. आजोबा काळाचौकीला एका मिलमध्ये होते. सत्तरच्या दशकात त्यांना टीबी झाला. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात होते, नंतर औषधं विम्याच्या डॉक्टरकडून, परळचं गांधी हॉस्पिटल म्हणजे गिरणगावातल्या माणसाला स्वतःचं हॉस्पिटल वाटायचं कारण ते कामगार विम्याचंच. पण आजी जे सांगायची ते औषधांबद्दल नव्हतं. ती सांगायची, तुझे आजोबा आठ महिने घरी होते पण चूल बंद पडली नाही, विम्याचे पैसे येत होते. आम्हाला लहानपणी त्यात विशेष काही वाटायचं नाही. आज कळतं की कामगार विम्याच्या १९४८ च्या कायद्यात किती शहाणपणाची गोष्ट होती. आजारी माणसाला औषध लागतं आणि त्याच्या घराला पगार लागतो, हे त्या कायद्याला कळलेलं होतं. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, आणि कॅन्सर, टीबीसारख्या ठरलेल्या लांबच्या आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. आजही हे आहे. ज्याचं कार्ड चालू आहे आणि सलग नोकरीची अट पूर्ण आहे त्याला मिळतं.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, दत्ता सामंतांचा, अडीच लाख कामगार बाहेर पडले, मिल एकेक करून बंद झाल्या, त्याची कहाणी सगळ्यांना पाठ आहे. नोकऱ्या गेल्या, खोल्या गेल्या, लालबाग-परळची माणसं दिवा, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेली, हे सगळं बोललं जातं. पण त्या नोकरीबरोबर विम्याचं कार्डही गेलं हे फार कमी लोक बोलतात. गिरणी कामगाराचा मुलगा मिलच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरचा वॉचमन झाला, आणि बापाला आजारपणात जे संरक्षण होतं ते मुलाला राहिलं नाही. मुंबई पुढे गेली म्हणतात. या एका बाबतीत आमचं घर पन्नास वर्षं मागे गेलं, यात मला शंका नाही.

तर, मामा. प्रायव्हेटमधून डिस्चार्ज घेतला आणि परळला नेलं. परळ म्हणजे आजारी माणसांचं गावच आहे, केईएम १९२६ पासून, टाटा १९४१ पासून, वाडिया, गांधी, सगळी एका हाकेच्या अंतरावर. टाटाच्या बाहेरच्या फूटपाथवर बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाडा, सगळीकडची कुटुंबं पिशव्या आणि फाईल घेऊन बसलेली असतात. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. मी त्या रस्त्याने कॉलेजला असताना रोज जायचे आणि कधी थांबून बघितलं नव्हतं, याची आता लाज वाटते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मामा बसत होता, केशरी कार्ड होतं. पण कार्ड ऑनलाइन दिसेना. त्याचं नाव अजून गावच्या कार्डावर, रत्नागिरीला, आजीच्या नावाखाली. मग शिधावाटप कार्यालय, मग तहसीलदार, मग पुन्हा शिधावाटप कार्यालय, मामेभावाने डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा त्या फेऱ्यांमध्ये बुडवली. हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे कागद बघणारा, भला माणूस होता, तो म्हणायचा काका काळजी करू नका होईल, आणि झालंही, पण महिना गेला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये एक महिना काय असतो ते डॉक्टरांना विचारा. समाजसेवा विभागातल्या बाईंनी पुअर बॉक्स फंडातून, म्हणजे गरीब पेशंटसाठी जमलेल्या देणग्यांतून, काही इंजेक्शनं मिळवून दिली. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण मला कुठल्या नर्सवर, डॉक्टरवर, क्लार्कवर राग काढायचा नाही. एका ओपीडीत शेकडो पेशंट बघणारा रेसिडेंट डॉक्टर चिडला तर मला त्याचंही नवल वाटत नाही. माणसं चांगली होती आणि तरी त्या माणसांच्या चांगुलपणावर एखाद्याचा जीव अवलंबून असावा हे मला मान्य नाही. आजारी माणसाचं कुटुंब आधी अर्जदार होतं, नातेवाईक नंतर. इकडे अर्ज कर, तिकडे दाखला आण, सिद्धिविनायकच्या ट्रस्टला पत्र दे, मुख्यमंत्री सहायता निधीला एस्टिमेट जोड, नगरसेवकाचं शिफारसपत्र मिळतंय का बघ. मामी पाचवीपर्यंत शिकलेली, तिने त्या काळात जितक्या ठिकाणी सही केली तितकी आयुष्यात केली नव्हती.

जुलैमध्ये ऑपरेशन झालं. जबड्याचा भाग काढला, छातीचं मांस लावून गाल बनवला, मानेतल्या गाठी काढल्या, नाकातून नळी. बिल शून्य. घरी सगळे रडलो, आनंदाने.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

ऑपरेशननंतर रेडिएशन घ्यायचं होतं, आमच्याकडे शेक म्हणतात. साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं आणि मग आठवड्याला पाच दिवस असे सहा आठवडे, तीस वेळा. तेही योजनेतच, त्याचेही पैसे लागणार नव्हते. डॉक्टरांनी तीन-तीनदा सांगितलं, काका, हे चुकवायचं नाही. ऑगस्टच्या शेवटाची तारीख मिळाली होती.

पण मे महिन्यापासून घरात मामाचा पगार नव्हता. मामी ठाण्याला चार घरी पोळ्या करायची, हॉस्पिटलच्या फेऱ्यांत दोन घरं सुटली. भिशीचे हप्ते थकले. भाडं दोन महिन्यांचं थकलं. कॉन्ट्रॅक्टरने जागा भरून टाकली होती, त्याच्या दृष्टीने गेटवर माणूस नको का उभा राहायला. मामा फार मानी. आमच्याकडून एकदा घेतलेले पैसे फेडले नाहीत याचंच त्याला इतकं वाटत होतं की पुन्हा मागणं त्याला जमलंच नाही, आणि आम्हीही, खरं सांगते, विचारलं नाही. आम्हाला वाटलं ऑपरेशन झालं, सरकारने केलं, आता काय लागतंय. त्याने मुलुंडला एका सोसायटीत रात्रपाळी धरली. नळी निघाली होती, मानेला मफलर गुंडाळायचा, नीट बोलता येत नव्हतं म्हणून रजिस्टरवर लिहून दाखवायचा. मामीला म्हणाला, दोन महिने ड्युटी करतो, भाडं चुकवतो, मग शेक घेतो.

शेक सुरू झाला नोव्हेंबरमध्ये. दिव्याहून परळला, अपंगांच्या डब्यातून, तिथे कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, पण दिव्याला गाडीत चढणं हेच मुळात एक काम आहे. अठराव्या शेकाला तोंड आतून इतकं सोललं की पाणी जाईना, मध्ये दहा दिवस खाडा. मार्चमध्ये मानेत परत गाठ आली. ऑक्टोबरला गेला.

शेक वेळेवर घेतला असता तर नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही, तसं कोणताच डॉक्टर म्हणणार नाही. पण त्याला जी संधी होती ती त्याने साडेएकवीस-बावीस हजारांच्या पगारासाठी सोडली, आणि ती त्याला सोडावी लागली. ईएसआयसीचं कार्ड चालू असतं तर महिन्याला सोळा-साडेसोळा हजार घरी आले असते, तो आजोबांसारखा घरी बसला असता, ऑगस्टमध्ये परळला गेला असता.

मामाच्या तेराव्याला एका नातेवाइकांनी विचारलं, पॉलिसी का नव्हती काढली? हा प्रश्न मी गेल्या दोन वर्षांत खूप ठिकाणी ऐकला आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. पॉलिसी ज्याला परवडते त्याने काढावी, मीही काढलीये, ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेमवर भरवसा ठेवू नये कारण नोकरी गेली की तो जातो. सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी काढला, चांगलं केलं. आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड चार वर्षांवरून तीनवर आणला, तेही चांगलं. पण पन्नाशीच्या, बीपी असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या गार्डला दिव्यात बसून कोण पॉलिसी देणार आहे आणि कुठल्या प्रीमियमला, आणि दिली तरी पहिली तीन वर्षं बीपीवरून काही झालं तर हात वर. आणि समजा हे सगळं जमलं, पाच लाखांची पॉलिसी मिळाली, तरी ती हॉस्पिटलचं बिल भरेल, घरभाडं भरणार नाही. आमच्या घरात तर बिल शून्यच होतं. पॉलिसी काढा हा सल्ला वाईट नाही पण तो देऊन आपण हात झटकतो, जणू मामाचा दोष एवढाच की त्याने एक फॉर्म भरला नाही.

दुसरं उत्तर मिळतं ते आकड्यांचं. देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो त्यातला लोकांच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला, असं सरकारचेच राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. घसरण मोठी आहे आणि मी ती नाकारत नाही, आयुष्मान भारत आली २०१८ मध्ये, आपल्याकडे फुले योजना त्याच्याही आधीपासून, राजीव गांधी जीवनदायी नावाने २०१२ ला सुरू झालेली, २०२३ मध्ये तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेऊन सगळ्या रेशनकार्डांना ती खुली करायचा निर्णय झाला. या योजना नसत्या तर मामा ऑपरेशनच्या टेबलापर्यंतही पोचला नसता. पण हा आकडा काय मोजतो ते बघा. ज्याने पैसे खर्च केले त्याचे पैसे मोजतो. मामाचा बुडालेला पगार यात नाही, मामीची सुटलेली दोन घरं नाहीत, मामेभावाचं बुडालेलं वर्ष नाही. आणि ज्याने उपचारच घेतले नाहीत त्याचा खर्च शून्य, म्हणजे हिशोबात तो चांगलाच दिसणार.

मामीचंच घ्या. तिच्या गर्भाशयात गाठी आहेत, २०२१ पासून, ब्लीडिंग होतं, हिमोग्लोबिन सातपर्यंत खाली जातं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. तिने केलेलं नाही. आधी मामाचं होतं, मग भाडं होतं, आता ऑपरेशननंतर दीड महिना पोळ्या लाटता येणार नाहीत म्हणून नाही. तिचा आरोग्यावरचा खर्च महिन्याला लोहाच्या गोळ्यांचा, त्याही पालिकेच्या दवाखान्यातून मिळतात. कागदावर तिच्यावर आजारपणाचा काहीच बोजा नाही. मुंबईत अशा किती बायका असतील ज्या आपलं दुखणं लपवून घराचा खर्च शून्य ठेवतायत, ते कुठल्या सर्व्हेत येणार?

डायलिसिसवाल्यांचं याहून उघड आहे. आठवड्याला दोन किंवा तीन वेळा, दर वेळी चार तास, आयुष्यभर किंवा किडनी मिळेपर्यंत. योजनेत डायलिसिस होतं, काही गणेशोत्सव मंडळांची नाममात्र दरातली सेंटर आहेत, लालबागच्या राजाचं आहे, ती खूप मोठी कामं करतायत. पण आठवड्यातले तीन दिवस मशीनला बांधलेल्या माणसाला नोकरीवर कोण ठेवणार? उपचार फुकट आणि घर उपाशी असं किती वर्षं चालेल?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी जिथे संधी मिळेल तिथे मांडणार आहे. योजनेतून ज्याचे कॅन्सरचे, किडनीचे, हार्टचे मोठे उपचार मंजूर होतात, त्याच्या घराला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ठरावीक पैसे मिळाले पाहिजेत, बँकेत, थेट, वेगळा अर्ज न करता, ज्या दिवशी मंजुरी आली त्या दिवसापासून. हे काही आकाशातून आणलेलं नाही. ईएसआयसीत आहेच, वर सांगितलं. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये ऑपरेशननंतर घरी असलेल्या पेशंटला दिवसाला २२५ रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५,००० देण्याची योजना तिथल्या सरकारने सुरू केली होती. टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिन्याला ५०० मिळायचे, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० झाले. म्हणजे आजारी माणसाच्या खात्यात पैसे टाकण्याची यंत्रणा आहे, तत्त्वही मान्य आहे, फक्त ते कॅन्सरपर्यंत आणायचंय आणि रक्कम अशी ठेवायची की भाडं निघेल.

लोक म्हणतील मग सगळे आजारीच पडतील. रागावून सांगते, जबडा कापून घ्यायला महिन्याला पाच-दहा हजारांसाठी कोणी जात नाही. हॉस्पिटल कागद पाठवतं, मंजुरी योजनेकडून येते, बायोप्सीचा रिपोर्ट असतो, यात फसवणुकीला जेवढी जागा आहे तेवढी बिलांतही आहे आणि बिलं आपण भरतोच आहोत.

पैसा कुठून आणायचा म्हणाल तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहिलंय की सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ मध्ये तो होता १.८४. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर आहे, काही राज्यांपेक्षा मोठं. या शहराकडे पैसा नाही हे मला कोणी सांगू नये. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने लिहून ठेवलंय की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांपासून वंचित राहू नये. एवढी वर्षं आपण 'उपचार' म्हणजे हॉस्पिटलचं बिल एवढंच धरून बसलोय.

आणि दोन छोट्या गोष्टी, ज्यांना फार पैसाही लागत नाही. एक, ईएसआयसीची मर्यादा ओलांडली म्हणून कार्ड बंद करू नका, माणसाला स्वतःचा हिस्सा भरून चालू ठेवू द्या, मामाने दीडशेचे तीनशे, हजारही आनंदाने भरले असते. आणि बंद करणारच असाल तर निदान त्याला त्याच्या भाषेत कळवा. दुसरं, धर्मादाय हॉस्पिटलांबद्दल. हायकोर्टाच्या २००६ च्या स्कीमप्रमाणे महाराष्ट्रातल्या ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के बेड गरिबांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवावे लागतात, त्यासाठी बिलांच्या २ टक्के वेगळा फंड असतो. आज वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलत. मामा आजच्या मर्यादेने सवलतीत बसला असता. आम्ही त्या पहिल्या हॉस्पिटलात गेलो तेव्हा हे धर्मादाय आहे का, हा प्रश्न विचारायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं, मी पदवीधर आहे, बावीस वर्षं मुंबईत नोकरी करतेय. डिपॉझिट घेणाऱ्या काउंटरवर, पैसे घ्यायच्या आधी, हे सगळं माणसाला तोंडी सांगणं बंधनकारक करा. भिंतीवरचा बोर्ड कोणी वाचत नाही, विशेषतः जेव्हा बाजूला आपलं माणूस व्हीलचेअरवर असतं.

मामेभाऊ आता एकवीसचा आहे. डिप्लोमा सुटला तो सुटलाच, भिवंडीला एका गोदामात लागलाय, स्कॅनिंगचं काम, पगार २०,४००, कामगार विम्याचं कार्ड आहे. मामीचं ऑपरेशन आता त्याच कार्डावर करायचं असं मी त्याच्या मागे लागलेय, घरातल्यांना त्यात उपचार मिळतात. गेल्या महिन्यात रात्री अकराला त्याचा फोन आला, आवाज घाबरलेला, मला वाटलं मामीला काही झालं. तो म्हणाला, ताई, दिवाळीला इन्क्रिमेंट देणारेत, आठशे रुपये. नको म्हणून लिहून देता येतं का?